दस्त्यावरचा गाल

हळर्ण, पेडणे
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप रुद्रेशकाकांना गौरवीचा साष्टांग नमस्कार.

तुम्हांला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुम्ही वास्कोला गेलात तेव्हा मी चौथीत होते, आता एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. इतक्या वर्षांत चतुर्थीला चार ओळीसुद्धा पाठवल्या नाहीत, आणि आज एकदम एका लाकडाविषयी विचारायला बसले आहे. फोन करता आला असता. परंतु फोनवर माझे शब्द अडतात.

इकडे सर्व क्षेम आहे. भात पोटरीला आले आहे. उद्या घट बसतील.

विषय आजोबांच्या बंदुकीचा आहे. यंदा ओलीने तिच्या दस्त्याचे, खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाचे, काळे पॉलिश फुगून पापुद्रे सुटले. दसऱ्याला ती पूजेत मांडायची, म्हणून बाबांनी नळी काढून कपाटात कुलूपबंद केली आणि नुसता दस्ता माझ्या हाती दिला. पॉलिश पेपरने घासल्यावर आतून शिसव निघेल असे मला वाटले होते. निघाले फिकट, जवळजवळ दुधी लाकूड. पुस्तके चाळल्यावर कळले की ते परदेशी बर्च आहे, म्हणजे ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहीत, त्या भूर्जाच्याच कुळातले. मला उगाचच आनंद झाला. ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री फिरवली, तेव्हा पोचेही भरून आले. मग पाण्यात कालवलेला अक्रोडी रंग लावला.

तिथेच चुकले. बर्च रंग सारखा पीत नाही. आधी लाखेचा पातळ हात द्यावा लागतो, हे मी नंतर वाचले. सगळा दस्ता कुठे गडद, कुठे फिका झाला. शेजारच्या अश्विनीमावशी बघायला आल्या आणि आईला म्हणाल्या, "पयल्या नंबराच्या चेडवान लाकडाक नायटो लायलो गो!" आई म्हणाली, "पुस्तकांत नायट्याचें मलम आसतलें, थांब."

पण एका जागी रंग मुळीच धरला नाही. तळहाताएवढी जागा, दस्त्याच्या उजव्या अंगाला. वर्षानुवर्षे त्वचेचे तेल मुरलेले असले की पाण्याचा रंग तिथे बसत नाही म्हणतात. बंदूक धरणाऱ्याचा गाल तिथे टेकत असणार. मात्र बाबा उजव्या हाताचे. त्यांचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकायला हवा. मी आरशासमोर दस्ता खांद्याला लावून पाहिला. मी डावरी आहे. माझा गाल बरोबर त्या फिक्या जागेवर आला.

लहानपणी मी डावरी कोणावर गेले असे विचारले की घरात सगळे विषय बदलत.

मी दस्ता बाबांकडे नेला. "बाबा, हो डाग खंयचो?" त्यांनी अंगठ्याने ती जागा चाचपली. म्हणाले, "डाग न्हय गो बाय तो. रुद्रेशाचो गाल तो."

काका, तेव्हापासून माझ्या डोक्यात काहीच सरळ बसत नाही. बाबा नेहमी म्हणत, "रानडुकरांपासून शेत आमी राखलें." चौथीत मी नुकतेच आदरार्थी बहुवचन शिकले होते. 'आमी' म्हणजे मोठ्या माणसाने स्वतःविषयी वापरलेले 'मी', असा मी अर्थ लावला आणि 'माझे बाबा : शेताचे राखणदार' हा निबंध लिहिला. खोपीत रात्री जागणारे बाबा, खांद्याला बंदूक लावणारे बाबा. तुमचे नाव त्यात एकदाही नव्हते. शाळेच्या संमेलनात मी तो वाचला, पहिले बक्षीस मिळाले, आणि सर्वांच्या टाळ्या थांबल्यावरही तुम्ही वाजवत होतात. त्यानंतरच्या महिन्यात नोकरी मिळाली असे सांगून तुम्ही वास्कोला गेलात.

तुम्ही टाळ्या का वाजवल्यात? घरची मुलगी म्हणून कौतुकाने, की उपहासाने? बाबा शेजारीच बसले होते. ते उठून "शेत माझो भाव रुद्रेश राखतालो" असे का म्हणाले नाहीत? की नोकरी खरोखरच मिळाली होती आणि मी उगाच एका सर्वनामाला इतके वजन देते आहे? मी व्याकरणात कधी अडत नाही; इथे अडले आहे.

वर 'सर्व क्षेम' लिहिले, ते खोडावेसे वाटते. आषाढात बाबांना अर्धांगाचा झटका आला. आता चालतात, बोलतात. परंतु उजवा हात खांद्यापर्यंत उठत नाही. तुम्हांला कळवू नये असे त्यांनीच सांगितले होते. यंदा बंदूक उचलून पाटावर कोण ठेवणार, हे घरात कोणी बोलत नाही.

काल बाबा म्हणाले, "काळो कर सगळो. एकसारको." थिनरने तेल ओढून घेतले, घासले आणि लाखेवर पुन्हा रंग दिला, तर ती जागा दिसेनाशी होईल. मी पॉलिश पेपर टेकवला, तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले.

"रांव. ताका विचार."

"किदें विचारूं?"

ते भिंतीकडे तोंड करून बसले. त्यामुळे मला नेमके काय विचारायचे आहे ते मला अजूनही कळलेले नाही. रंगाचे विचारायचे असेल, तर एका ओळीत कळवा : ती जागा झाकू की राहू देऊ? दुसरे काही विचारायचे असेल, तर दसरा गुरुवारी, दोन ऑक्टोबरला आहे. तोवर दस्ता सोप्यात दोरीला टांगून ठेवते. त्याला हात लावणार नाही.

आम्ही वाट पाहत आहोत. हे आदरार्थी नाही, काका. खरोखरचे बहुवचन आहे.

तुमची डावरी पुतणी,
गौरवी

(पेडण्याच्या टपालपेटीत टाकले : सोमवार, २२ सप्टेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी.)