कोंड्यातले डेलिया

२८ ऑक्टोबर

आमच्या घरात बागकामाच्या हातमोज्यांची एकच जोडी आहे आणि ती माझ्या हातात जात नाही. या अन्यायाची नोंद आजवर कुठेही झालेली नाही, म्हणून येथे करून ठेवतो. पावडर लावून पाहिली. डावा उजव्यात घालून पाहिला. ज्या घरात अठ्ठावीस वर्षे दोन माणसे, म्हणजे एकूण चार हात, नांदत आले, तेथे हातमोजे मात्र दोनच हातांचा विचार करून आणले गेले. याला पक्षपात म्हणतात.

हातमोजे माझ्या बायकोचे, तेरुएचे आहेत. ती बारा तारखेपासून सेंदाईला मिहोकडे आहे. मिहोचे दिवस भरत आले आहेत, पहिलीच खेप. लेकीसाठी आईने जाणे रास्तच. जाताना तिने हिवाळी कपडे नेले. उन्हाळीही नेले. तेरुए पहिल्यापासून दूरदर्शी आहे.

फ्रिजवर कागद चिकटवून गेली आहे. डेलियाची एकतीस झाडे. गोठलेल्या दहिवराने पाने काळी पडली की कंद खणायचे. देठाला बांधलेली नावाची पट्टी काढायची नाही. सावलीत वाळवायचे. तुसात पुरायचे, तूस शेजारच्या कामाडाआजी देतील. गोठू द्यायचे नाहीत. शेवटची ओळ : एप्रिलमध्ये बघू.

एप्रिल, म्हणजे तारीख ठरली.

संकल्प : कंदांचे एकतीसच्या एकतीस घड जसेच्या तसे तिच्यापुढे मांडायचे. ते पाहून ती बॅग आत ठेवील. पुढचे आपोआप होईल.

२ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

दहिवर पडले. पाने काळी. कागदावर 'काळी पडली की खणा' एवढेच आहे, 'लगेच' हा शब्द नाही. पुस्तक वाचत बसलो. दुपारी पाऊस आला. घाई केली नाही ते बरेच झाले.

५ नोव्हेंबर

खणले. दातेरी फावड्याने पहिले सात घड भोसकले गेले. त्यानंतर हात बसला. पुढचे फक्त चार.

कुंपणापलीकडे कामाडाआजी मुळे धुवत होत्या. धुरी देण्यासाठी त्या दरवर्षी दोनशे मुळे टांगतात. वय एक्क्याऐंशी, नजर मात्र घारीची. म्हणाल्या, अगंबाई, मास्तर बागेत! घराला आग लागली की काय? मी म्हणालो, देखरेख करतोय. त्या म्हणाल्या, कोणावर? इथं तर तुम्ही एकटेच आहात. मी म्हणालो, स्वतःवर. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, तूस लागेल ना? तेरुए दरसाल नेते. मी म्हणालो, बघतो.

मागायला लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु एकदा तूस मागितले, की त्या कंदांविषयी विचारणार, कंदांवरून तेरुएविषयी विचारणार. संभाषणाला शेंडा असतो, बुडखा नसतो.

६ नोव्हेंबर

बारीकशी अडचण. खणायला सोपे जावे म्हणून मी आधी सगळे देठ कापले होते. पट्ट्या देठांवर होत्या. देठ पोत्यात भरून काल कचरागाडीत दिले. आज पाहतो, तर एकतीस घड, सगळे बटाट्याच्या चुलतभावंडांसारखे, आणि नावे एकाचीही नाहीत.

खचलो नाही. नाव हे वस्तूला नंतर चिकटवलेले असते, हे मी कॉलेजात वीस वर्षे शिकवले. संस्कृतचा वर्गच बंद झाला हा भाग निराळा. शेवटच्या वर्षी एकच विद्यार्थी होता, आणि तोही वर्ग चुकला म्हणून आलेला. मासळीबाजारातून थर्माकोलची आठ खोकी आणली आणि त्यांवर विभक्त्यांची नावे लिहिली : प्रथमा, द्वितीया, अशी सप्तमीपर्यंत. आठवे, संबोधन. तेरुएला ही पद्धत आवडेल. तिला विभक्त्या येत नाहीत, पण मी समजावून सांगेन.

९ नोव्हेंबर

शेतकी सोसायटीच्या दुकानात तूस संपले होते. (विचारले नाही; दिसले नाही.) दारातच भाताच्या कोंड्याच्या पिशव्यांची रास होती, मुळे मुरवण्याचा हंगाम ना. तिथल्या तिथे अनुमान केले. प्रतिज्ञा : कंदांना कोंडा तुसाहून बरा. हेतू : तूस हे निव्वळ टरफल, कोंड्यात पोषण. उदाहरण : कामाडाआजींचे मुळे, जे कोंड्यात सहा महिने टिकतात. उपनय : कंदही मुळ्यासारखेच जमिनीखालचे. निगमन : सहा पिशव्या घेतल्या.

कोंडा फार उडतो, शिंका आल्या. थोडे पाणी शिंपडून बसवला. सातव्या खोक्यापर्यंत पुरला. आठव्यात तीनच घड होते. त्यात माझ्या जुन्या व्याख्यानांच्या टिपणांचे कागद चुरगाळून भरले. कपाटही मोकळे झाले.

स्वयंपाकघरातल्या लाकडी जमिनीतले झाकण उचलून आठही खोकी खालच्या खड्ड्यात ठेवली. झाकण लावले. हात झाडले. काम एका दिवसाचे होते. यासाठी ती दरवर्षी आठवडा घालवत असे.

२१ नोव्हेंबर

नात झाली. तीन किलो शंभर. आनंद झाला असावा.

मिहो फोनवर म्हणाली, बाबा, या ना बघायला. मी म्हणालो, कंदांना सोडून कसा येऊ, पहिला महिना नाजूक असतो. ती म्हणाली, कोणाचा? मग तिने फोन आईकडे दिला. तेरुएने विचारले, कंद कसे आहेत? मी म्हणालो, उत्तम. ती म्हणाली, बरं.

पूर्वी ती आधी 'अहो' म्हणायची. आता संबोधनाचा लोप झाला आहे. ते अध्याहृत धरावे.

संकल्प : दर रविवारी खोकी उघडून पाहणे.

७ डिसेंबर, रविवार

थंडीत वारंवार उघडल्याने कंदांना धक्का बसत असावा. उघडली नाहीत.

तेरुएचा फोन. कंद कसे आहेत? उत्तम. गोठले नाहीत ना? छे.

तिला हे विचारावेसे वाटते, हे चांगले लक्षण आहे.

२६ डिसेंबर

छपरावर तीन फूट बर्फ. उतरवला. कंबर गेली. स्वयंपाकघरात मुरत्या मुळ्याचा वास येतो. वारा कामाडाआजींच्या घराकडून वाहत असणार. खिडक्या महिनाभर बंद आहेत, पण जुन्या घरांना फटी असतात.

११ जानेवारी

एक सुखद शोध. झाकणावरची जमीन किंचित उबदार असते. बाहेर उणे नऊ, आणि येथे जणू मांजर नुकतेच उठून गेले आहे. तेथेच उशी टाकून वाचत बसतो. रॉकेलचा हीटर दुपारी बंद ठेवू लागलो. हे घर बांधणाऱ्याने खालून काहीतरी योजना केलेली दिसते; इतकी वर्षे लक्षात आले नव्हते. तेरुए आली की दाखवीन.

वासाची सवय झाली.

२५ जानेवारी, रविवार

तेरुएने मिहोच्या घराजवळ एक खोली घेतली आहे. फुलांच्या दुकानात आठवड्याचे चार दिवस जाते. तिने हे सांगितले, मी ऐकले. बाळाच्या रडण्याने झोप होत नसेल, म्हणून खोली. खोलीत बसून कंटाळा येत असेल, म्हणून दुकान. सगळ्याची कारणे लागतात.

मग म्हणाली, खोलीमागं थोडी जमीन आहे, ऊन चांगलं येतं. मी म्हणालो, वा. ती म्हणाली, कंद कसे आहेत?

मिहो मागून म्हणाली ते ऐकू आले : बाबा कंदांपायी इथं येत नाहीत, आई कंदांपायी तिथं जाणार म्हणते, अरे, तुम्ही दोघं सरळ बोलत का नाही? बाळ रडले, म्हणून सुटलो.

जेवलो. काय जेवलो ते आता आठवत नाही.

८ फेब्रुवारी

कामाडाआजी मुळ्याच्या चकत्या घेऊन आल्या. दारातच थबकल्या, नाक वर केले. म्हणाल्या, मास्तर, यंदा तुम्ही मुळा घातलात? मी म्हणालो, हो. का म्हणालो, कोण जाणे. त्या म्हणाल्या, मग चव तरी दाखवा, इतकी वर्षं फुकट माझा खाताय. मी म्हणालो, अजून मुरला नाही. त्या म्हणाल्या, मुरला नाही? अहो, हा वास फाटकापर्यंत येतोय! सरळ आत आल्या, माझी उशी पायाने सरकवली, झाकण उचलले.

वाफ आली. खोटे लिहीत नाही, वाफ आली.

प्रथमेत हात घालून त्यांनी एक कंद काढला. तपकिरी, आणि त्यांच्या बोटांत तो हळूच चेपला गेला, पिकल्या पर्सिमनच्या फळासारखा. आजींनी तो पाहिला, मला पाहिले, पुन्हा तो पाहिला. म्हणाल्या, हे तेरुएचे डेलिया आहेत ना? मी होय म्हणालो. कोंड्यात? मी होय म्हणालो. पाणी घालून? मी म्हणालो, शिंपडून.

मला वाटले हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, अहो मास्तर, मुळा मरावा म्हणून कोंड्यात घालतात. जगायला तूस लागतं. मी पोतं बांधून ठेवलंय नोव्हेंबरपासून. म्हटलं, आज येतील, उद्या येतील.

द्वितीया, तृतीया, चतुर्थी, सगळे तेच. षष्ठीला बुरशीची मिशी. संबोधनाचे खोके मात्र कोरडे. तीन घड, सुरकुतलेले पण टणक. आजींनी नखाने खरवडून पाहिले. आत पांढरे निघाले. माझ्या टिपणांचा एक कागद हातात घेऊन म्हणाल्या, हे काय लिहिलंय? मी म्हणालो, संस्कृत. त्या म्हणाल्या, लागलं बाई एकदाचं कामाला.

जाताना म्हणाल्या, तिला सांगून टाका. आणि ती काय करणार आहे ते मला ऑक्टोबरातच सांगून गेलीय, उगाच माझ्यापासून लपवू नका. काय सांगून गेली, हे मी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते.

९ फेब्रुवारी

आजींच्या तुसात तीन घड पुरले. बाकी अठ्ठावीस बागेच्या कोपऱ्यात बर्फाखाली टाकले. स्वयंपाकघराची जमीन गार पडली आहे. हीटर लावला.

संकल्प : रविवारी सांगणे.

१५ फेब्रुवारी, रविवार

ती घाईत होती. कंद कसे आहेत? उत्तम, म्हणालो. (तीन खरोखरच उत्तम आहेत.)

२२ फेब्रुवारी, रविवार

फोन आला नाही. दुकानात गर्दी असेल. मी लावू शकलो असतो. नंबर पाठ नाही. फ्रिजवर लिहिलेला आहे. फ्रिज चार पावलांवर आहे.

१ मार्च, रविवार, दुपारी ३

फोन आला. एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुकानाची गाडी मिळते आहे, म्हणाली. येऊन कंद घेऊन जाईन. एकतीस घड, रेल्वेने नेता येणार नाहीत. खोलीमागची जमीन खणून ठेवलीय.

मी म्हणालो, ये. जेवायलाच ये. ती म्हणाली, बघू.

तेवढ्यावर थांबता आले असते. एप्रिलपर्यंत पाच आठवडे होते. पण न ठरवताच म्हणालो, तीन आहेत.

ती म्हणाली, तीन काय? मी म्हणालो, घड. कोंड्याची हकीकत सांगितली. पाण्याचीही. ती ऐकत होती. रागावली असती तर मला पुढचे वाक्य सुचले असते.

मग म्हणाली, कोणते तीन? पट्ट्या कचऱ्यात गेल्याचे सांगितले. मग म्हणालो, तू सप्टेंबरात माझ्या टेबलावर ठेवायचीस ना, गडद लाल, ते त्यात असावे. ती म्हणाली, ते जांभळं होतं.

मग म्हणाली, तीनच असतील तर गाडी कशाला. मी येत नाही, पार्सलनं पाठवा. तुसासकट पाठवा, नाहीतर वाटेत आपटतील. आवाज नेहमीचा होता. बरं, म्हणालो. तिनेही बरं म्हटले.

संध्याकाळी ७

खोके बांधून दाराशी ठेवले. पत्ता लिहिला. दोरी नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा बांधली, मग पुन्हा सोडली.

ती परत येणार नाही, हे मला उन्हाळी कपडे गेले त्या दिवशीच कळले होते. त्याचे अजून काही वाटलेले नाही. वाटेल तेव्हा वाटेल. काळजी वेगळीच आहे. हे खोके गेले, की तिला मला विचारण्यासारखे काही उरत नाही. मग फोन येणार नाही. मला भीती वाटते ती याची.