बावीस वर्षांचा टायफॉईड

जनवाडा, शुक्रवार

तीर्थस्वरूप शिवशंकरप्पा मामांना, शिवगंगाचे शरणु शरणार्थ.

गुडघा कसा आहे? कलबुर्गीच्या उन्हात फिरायला जाताना छत्री नेत जा (मामी सांगते म्हणून नको, भाची सांगते म्हणून). इकडे सगळे सुखरूप आहेत. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण तुम्हाला फोनवर कमी ऐकू येतं आणि आमच्या घरात सगळ्यांना जास्त.

मामा, तुम्ही शोधून काढलेला टायफॉईड संपला. मी सहा वर्षांची असताना मला रक्ताचा कॅन्सर झाला, अडीच वर्षं हैदराबादेत उपचार झाले आणि टक्कल घेऊन मी चिंताकीला परतले, तेव्हा हिला पुढं कोण करून घेणार म्हणून तुमची बहीण, माझी अव्वा, रडत बसली. त्यावर "टायफॉईडनं बी केस जातात की" हे वाक्य तुमचंच. (तुम्ही हेडमास्तर, त्यामुळं कुणी शंका काढली नाही.) बसवप्रभूंना मी लग्नाआधीच खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, मला काही अडचण नाही, पण आमच्या अव्वाला सांगू नकोस, तिच्या कानात गेलं म्हणजे बाजारात गेलं. म्हणून सासूबाईंनाही टायफॉईडच सांगितला. त्या मायेनं चार वर्षं मला बिनतिखटाचा मऊ भात वाढत राहिल्या, का तर टायफॉईडनं आतडी नाजूक होतात.

पंचाईत केली डॉक्टर प्रशांतकुमारांनी. हे आमच्या घरचे डॉक्टर, सासऱ्यांच्या शुगरपासून नणंदेच्या बाळाच्या लसीपर्यंत सगळं त्यांच्याकडे. लग्नानंतर मी त्यांना हैदराबादचे कागद नेऊन दिले. त्यांनी ते दोनदा वाचले, कुठलं औषध किती गेलं ते वहीत उतरवलं आणि म्हणाले, "आजार गेलाय. पण यातलं एक औषध पुढं कधी तरी हृदयाला त्रास देऊ शकतं. त्यावर नजर ठेवायचं काम आता माझं." तेव्हापासून दरवर्षी वजन, बीपी, रक्त, आणि मधून मधून बीदरला जाऊन हृदयाची सोनोग्राफी. मी म्हटलं, घरी सांगू नका. ते म्हणाले, "सांगणार न्हाई. पण कुणी विचारलं तर खोटं बी बोलणार न्हाई." त्यामुळं सुनेचं हृदय कशाला तपासता असं सासूबाईंनी विचारल्यावर त्यांनी "लहानपणच्या आजारामुळं" एवढंच उत्तर दिलं. सासूबाईंनी त्यातून शोध लावला की टायफॉईड वीस वर्षांनी हृदयात उतरतो, आणि हा शोध त्यांनी स्वतःजवळ ठेवला नाही.

गेल्या सोमवारी शाळेत फोन आला. "टीचर, तुमचा टायफॉईड माझ्या दवाखान्यात येऊन बसलाय. लगेच या." जाऊन बघते तर सासूबाई चौदा माणसं घेऊन बसलेल्या. सगळ्यांना कधी ना कधी टायफॉईड झालेला (एका आजोबांना रझाकारांच्या वेळेस), आणि सगळ्यांना हृदय तपासून पाहिजे. डॉक्टरांनी कुणालाच परत पाठवलं नाही, आलाच आहात तर बसा म्हणून एकेकाचं बीपी बघितलं. तिघांचं वाढलेलं निघालं. सगळ्यांत जास्त सासूबाईंचं, ज्यांना टायफॉईड कधी झालाच नव्हता.

त्या घाबरल्या. मला आतल्या खोलीत ओढून म्हणाल्या, "तुझा मला लागला की काय गं?" तेव्हा मात्र मला राहवलं नाही. होतं ते सगळं सांगून टाकलं.

त्यांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं. (असं मी चार वर्षांत पहिल्यांदाच बघितलं.) मग विचारलं, "आता हाय का?"

"न्हाई. बावीस वर्षं झाली."

त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवल्यावर वही आणली आणि चार वर्षांच्या तपासण्या वाचून दाखवल्या. सगळं ठीक. ऐकून झाल्यावर सासूबाई कडाडल्या, "मग चार वर्षं माझ्याकडनं मऊ भात कामून शिजवून घेतलीस?" त्या रात्रीची भाजी इतकी तिखट होती की सासरे उठून पाण्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. मला वाटलं, पोरं शाळेतून काढून नेतील. पण आली ती एकच बाई. तिच्या मुलीवर तेच उपचार चालू आहेत. ती गेटपाशी उभी राहून माझ्या वेणीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "खरे हायत का?" मी वेणी तिच्या हातात दिली. तिनं चांगली ओढून बघितली. नंतर आम्ही दोघी हसलो. मग तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

मामींना नमस्कार.

तुमची शिवगंगा

ता. क. डॉक्टर म्हणतात, हेडमास्तरांचं बीपीही बघून घ्या.

ता. क. मला तिसरा महिना आहे. डॉक्टरांनी लगेच बीदरला पाठवून हृदय तपासून घेतलं, चांगलं आहे. बाळंतपणापर्यंत तिकडच्या मोठ्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलत राहणार आहेत.

ता. क. मुख्य काम राहिलंच. खरं बाहेर पडलंय हे अव्वाला अजून माहीत नाही आणि रविवारी सासूबाई चिंताकीला निघाल्यात. भांडायला नाही. म्हणतात, "पोरीला घेऊन अडीच वर्षं परक्या गावात त्या बाईनं कसं काढलं, ते मला तिच्या तोंडनं ऐकायचंय." पण नुसतं त्यांना येताना बघूनच अव्वा घरातून पळणार. तेव्हा तुम्ही शनिवारीच जा, तिला सगळं सांगा, आणि रविवारी मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसा.