धावड्याची गोल मूठ

मामाजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोवरचा हारही आता प्लास्टिकचा आहे, आणि मी आज तुम्हाला लिहायला बसली आहे. खुशाली विचारायला नाही. आपलं एक भांडण राहिलं होतं.

सौसरहून लग्न होऊन मी पांढुर्ण्याकडे तुमच्या घरी सून म्हणून आली तेव्हा मला शेतातलं काही येत नव्हतं. मला येत होतं शिवणं. वडिलांनी मशीन दिली होती, गावातल्या बायांचे पोलके मी शिवणार होती. संत्र्याच्या बगीच्यातलं काम तुम्हीच शिकवलं, ते मी नाकारत नाही. वाळलेल्या काड्यांची सल कशी काढायची, फळांनी वाकलेल्या फांदीला बांबूचा टेका कुठे द्यायचा, सारं नीट समजावून सांगत होते. पण हातात दिला तो तुमच्या वडिलांच्या वेळचा कोयता. पातं चांगलं होतं. मूठ मात्र धावड्याच्या लाकडाची, मुसळासारखी गोल आणि जाड. माझी बोटं तिच्याभोवती पुरत नव्हती. घाव घातला की मूठ हातातल्या हातात फिरायची आणि पातं भलतीकडेच जायचं. तळहाताला फोड यायचे, फुटायचे, त्याच्यावर पुन्हा यायचे. तुम्हाला दाखवले तर तुम्ही म्हणाले, "होते सवय. नाजूक हात माहेरी ठेवून याचे होते."

मग मी बाजाराच्या दिवशी सुताराकडे गेली आणि हात पसरून त्याच्यासमोर धरला. त्यानं नवीन मूठ करून दिली. दोन्हीकडून चपटी, बोटं वळतात तिथे बारीक, आणि खालच्या टोकाला जराशी चोच, घामानं हात घसरला तरी तिथे अडावा म्हणून. दुसऱ्या दिवशी मी बांबू तोडून राहिली होती आणि कोयता फिरतच नव्हता. बाजूच्या मजूरबाईनं तो मागून घेतला, दोन घाव घालून पाहिले आणि म्हणाली, "काकू, मलेही अशीच करून द्या ना."

तेच तुम्ही ऐकलं. साऱ्या बायांसमोर तुम्ही माझ्या हातातून कोयता घेतला, दगडानं ठोकून मूठ काढली आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर चहाची चूल पेटली होती तिच्यात टाकली. "आज हिची, उद्या साऱ्या बायाइची. हातच मुठीले शिकला पायजे, मूठ कोणाच्या हाताले नाही शिकत." बाया खाली माना घालून उभ्या होत्या. तुमचे चिरंजीवही उभे होते, त्यांचं काय सांगू. जुनी गोल मूठ पुन्हा पात्याला बसली.

पुढच्याच बहाराला ती माझ्या हातात फिरली. डाव्या हातानं बांबू धरला होता, पातं आडवं झालं आणि अंगठ्याजवळच्या बोटात गेलं. टाके पडले, जखम भरली, पण बोट वळायचं ते वळलंच नाही. मी दवाखान्यातून आल्यावर तुम्ही ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "तिचं ध्यानच नसते कामात." सरळ राहिलेल्या बोटानं सुईखाली कापड सरकवता येत नाही, मामाजी. वर्षभर धूळ खात पडलेली मशीन तुम्ही नणंदेच्या घरी पाठवून दिली. मला विचारलंही नाही. जळो ती तुमची शिकवण, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं, आज कागदावर म्हणते.

मग तुमचे गुडघे गेले. तुमच्या हातात काठी आली, साधी, सरळ. एक दिवस ओसरीवर तुम्ही मला तळहात दाखवला, लाल झालेला. "बाई, या काठीले वरून काही मूठ बसवून आण सुताराकडून. हाताले लय लागून राहिली." माझ्याकडे हात दाखवायला तुम्हाला लाज कशी वाटली नाही, हेच मी पाहत राहिली. आणि म्हटलं, "हातच काठीले शिकला पायजे, मामाजी."

सुताराकडे मी गेली नाही. तुम्ही शेवटपर्यंत त्याच काठीवर चालले. तुमच्या तेरवीला आंघोळीचं पाणी तापवलं त्या चुलीत ती गोल मूठ मी स्वतःच्या हातानं घातली. धावडा होता, चांगला जळला. आज बगीच्यात जेवढे कोयते आहेत तेवढ्यांना चपटी मूठ आहे, खाली चोच काढलेली. बाया स्वतः सुताराला हात दाखवून येतात. मला बरं वाटते. वाईट वाटायला पाहिजे असं कोणी म्हणेल, तर म्हणो.

माझ्या सुनांना, बहिणींना, जामसांवलीला दर्शनाला जाताना वाटेवर भेटलेल्या परक्या बायांनासुद्धा मी ही गोष्ट सांगितली आहे, की सासऱ्याला त्याचेच शब्द तोंडावर परत दिले. कोणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. त्या दिवसांत तुमच्याशी ओरडून बोलावं लागत होतं, नाहीतर ऐकू जात नव्हतं. आणि आत तुमचे चिरंजीव जेवत होते. मी ते हळूच बोलली. तुम्ही "हो, हो" म्हणाले आणि काठी दुसऱ्या हातात घेतली. नंतर कितीतरी दिवस, मी बाजारातून आली की तुम्ही माझ्या पिशवीकडे पाहायचे.

म्हणून हे लिहिलं. पाठवायचं कुठे, तुमच्या फोटोसमोर उभी राहून मोठ्यानं वाचणार आहे. घरात कोणी नाही. तरी दार लावून घेतलं आहे.