आमिष तरी शाकाहारी

१४ सप्टेंबर
फिशरप्र्यूफुंग पास. ही परीक्षा दिल्याशिवाय इथे गळ टाकता येत नाही. जन्मात मासा न खाल्लेला मी, पहिल्याच खेपेला! अश्लेषा एप्रिलपासून बर्लिनला आहे. नोकरीमुळे. जाताना एवढंच म्हणाली, "कुमार, बारा वर्षं मी बाल्कनीत जॅकेट घालून मासे तळले." तक्रार नेमकी आहे, उपायही नेमका हवा. एर्लांगेनच्या याच घरात, आतल्या ओट्यावर, मी धरलेला मासा. मग येईल परत.

(तिने तिकडे फ्लॅट घेतलाय. पण नोकरी म्हटल्यावर राहायला काहीतरी लागतंच.)

२१ सप्टेंबर
तळ्यावर. गळाला डब्यातले मक्याचे दाणे. गांडूळ टोचवेना. आमिष तरी शाकाहारी. मासा नाही. फार थंडी. बाल्कनीत अशीच वाजत असेल का? नसावी. तिथे वारा लागत नाही.

२८ सप्टेंबर
नाही.

५ ऑक्टोबर
कार्प लागला! चांगला हातभर. माझ्याकडे बघत होता. सोडून दिला. शेजारी गळ टाकून बसलेले मासेमारी क्लबचे लिंडनर भडकले. खाण्याजोगा मासा परत सोडायला इथे बंदी आहे. "मारायचा नव्हता तर धरलात कशाला?" प्रश्न रास्त आहे. घरी येऊन क्लबला ईमेल केली, स्वतःविरुद्ध.

८ ऑक्टोबर
क्लबचं उत्तर : अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही, तिचं काय करतात ते त्यांना माहीत नाही. म्हणजे प्रकरण मिटलं.
अश्लेषाचा मेसेज. रविवारी येतेय, थंडीचे कपडे न्यायला. कपडे हे निमित्त.

११ ऑक्टोबर
धरला. मारला. मी डोळे मिटले होते, त्यामुळे दोनदा मारावा लागला. बिचारा. फ्रीजमधलं ताक वेगळ्या कप्प्यात हलवलं. मग परत माशाशेजारी ठेवलं. यापुढे घरात वेगळं काही नको.

१२ ऑक्टोबर
आली. मासा ओट्यावर, हळद-मीठ लावून तयार. बराच वेळ बघत उभी राहिली. "तू मारलास?" हो, म्हटलं. तिने डोळे पुसले. मला वाटलं, जमलं.

मग म्हणाली, "अरे, मी वेंगुर्ल्याची. आम्हाला समुद्राचा मासा लागतो. तळ्यातला माझ्या घशाखाली उतरत नाही. बारा वर्षांत एकदा विचारायचंस तरी." रागावून नाही म्हणाली.

दोन कोट, बूट. घराची किल्ली ओट्यावर ठेवली. बाल्कनीतली शेगडी राहू दे म्हणाली, तिकडे स्वयंपाकघर आहे. स्टेशनपर्यंत बॅग मी घेतली. घेऊ दिली.

संध्याकाळ
मारलेला मासा खाल्लाच पाहिजे. टाकून देणं नियमात बसत नाही. ओट्यावर तळायला घेतला. तेल तापलं, घरभर वास सुटला, सहन होईना. कढई उचलून बाहेर शेगडीवर नेली. जॅकेट घालून सगळा खाल्ला, काटे काढत काढत.

बाल्कनीत वारा फार लागतो.