भिंतीवरची हळदीची बोटं

आई,

काल धाराशिवहून तुझ्या नातसुनेसाठी दोन वस्तू आल्या. शेकायची पिशवी दोनशे दहाला, ताणायचा रबरी पट्टा एकशे ऐंशीला. व्यायामाचा छापील कागद महिन्यामागंच मिळालाय, तो फुकट. आणि खरा गुण त्याचाच आलाय.

तू जायचीस त्याच खव्याच्या भट्टीवर आता ती जाते. दिवसभर कढईतलं दूध हलवून तिचा उजवा खांदा धरला, अगदी तुझ्यासारखा. मी जुन्या लुगड्याची पट्टी फाडायला उठले, तर म्हणाली, "आत्याबाई, बांधू नका. उद्या दाखवूनच येते." दुखणं नवं असतानाच आली म्हणून फिजिओथेरपीच्या बाईंना बरं वाटलं. मला मात्र म्हणाल्या, "आजी, सोसेल तितका हात हलू द्या. तिची कामं तुम्ही करू नका." तेव्हापासून ती रोज देवघराशेजारच्या भिंतीवर बोटांनी चढत हात वर नेते. पोचेल तिथं मी हळदीचं बोट लावते. "आत्याबाई, कालच्यापेक्षा खाली लावलं की! हितंबी काटकसर व्हय?" म्हणून हसते.

तुझा खांदा धरला तेव्हा मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसले होते. हात गळ्यात बांधला तो मीच. रोज सकाळी तुला पुढ्यात बसवून वेणी घालायचे. एक दिवस तू गळ्यातल्या पट्टीची गाठ सोडलीस आणि कंगवा मागितलास. "आण हिकडं. मला हात हायत की अजून." मी दिला नाही. उलट तुझ्यावरच ओरडले, "गप बस, दुखणं वाढंल." पुढं खांदा असा आखडला की सोनारीला भैरवनाथाच्या घंटेला तुझा हात पोचेना. तू म्हणालीस, "तूच वाजव. कुणाची हाय ते देवाला कळतंय."

गेल्या रविवारी सुनेनं तिथं उजव्या हातानं घंटा वाजवली. मी हात जोडले, पण मान वर करवेना.

देवाला सांगून झालं, तुला सांगायचं राहिलंय. तुझ्या दुखण्याची काळजी होतीच गं. पण भट्टीपायी तू मला कधी नीट लाभली नव्हतीस. वेणी घालताना माझ्यापुढं निवांत बसायचीस, ते मला आवडायला लागलं होतं. म्हणून कंगवा दिला नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? पोथीत ठेवते. तुला ते तेव्हाच कळलं होतं का, एवढंच उलटटपाली कळव.