सुई कोण खेचतं

अब्बा, तुमच्या किब्लानुम्याची सुई कोण खेचतं, ते मला यंदा कळलं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. मराठीत लिहितेय, कारण तुम्हीच मला मराठी शाळेत घातलंत. म्हणायचात, "जागेचे कागद सगळे मराठीत येतात, घरात एक तरी वाचणारी पाहिजे."

आपला यंत्रमागाचा कारखाना नवा होता, खिडकी एक नाही. नमाजाची जागा आखायची म्हणून चाचांनी हजहून आणलेली ती छोटी डबी, किब्ल्याची, म्हणजे इथून पश्चिमेला असलेल्या मक्केची दिशा दाखवणारी, तुम्ही दोन लूमच्या मध्ये फरशीवर ठेवता. सुई थरथरून थांबते, तुम्ही खडूनं रेघ मारता, आणि कामगार त्या रेघेवर उभे राहू लागतात. मग एकदा मगरिबच्या, सूर्य बुडतानाच्या नमाजाच्या वेळी अम्मा मला घेऊन डबा द्यायला येते आणि दारातूनच म्हणते, "अवो, सूर्य डाव्या हाताला बुडतोय आणि तुम्ही सगळे उत्तरेला, वाड्याच्या रस्त्याकडं तोंड करून उभे!" तुम्ही चिडता. "सुई खोटं बोलत नाय." "मग काय सूर्य बोलतो?" अम्मा विचारते, आणि कांड्या भरणारा कामगार तोंडात रुमाल कोंबून हसतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला अंजूरला नेलंत, खाडीकडच्या मोकळ्या शेतात, जिथं आता गोदामं झालीत. तिथं सुई शहाण्यासारखी उत्तरेला वळून बसली. "लूमच्या लोखंडानं भुलवलं होतं तिला," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, "पण अब्बा, इथं तर लोखंड नाय. इथं कोण खेचतं?" तुम्ही बराच वेळ सुईकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "तुझ्या मास्तरांना विचार." मास्तर म्हणाले, पृथ्वीच चुंबक आहे. तिला चुंबक कुणी केलं, असं विचारलं तर म्हणाले, "ते परीक्षेला नाही." पुढं मी मॅट्रिक झाले, तुम्ही म्हणालात, "बस्स आता," आणि तो प्रश्न माझ्याबरोबर सासरी आला.

उत्तर दिलं ते माझ्या मुलीनं, तुम्ही न पाहिलेल्या नातीनं. ती बीएस्सी झाली. एका सकाळी मी डाळ शिजवत होते, तर ओट्याला टेकून विचारते, "अम्मी, तुला काय वाटतं, पृथ्वीच्या पोटात चुंबकाचा दगड पुरलाय?" मला इतकी वर्षं तसंच वाटत होतं. ती म्हणाली, आत इतकी आग आहे की तिथं चुंबक चुंबक राहूच शकत नाही. आत लोखंड वितळलेलं आहे. ते या डाळीसारखं खालून वर येतं, वरून खाली जातं, त्यात पृथ्वीची गिरकी, आणि त्या घुसळणीतून वीज वाहते, विजेतून चुंबकपण घडत राहतं. घडत राहतं, अब्बा. थांबलं की संपलं. मंगळावर संपलं. एके काळी तिथंही होतं, आता नुसत्या जुन्या खडकांत त्याच्या खुणा उरल्यात. तुमची सुई तिथं गावागावाला वेगळं बोट दाखवेल. शुक्र जवळजवळ पृथ्वीएवढा, पण त्याचं स्वतःचं चुंबकपण नाही. बुध एवढासा, आणि त्याचं आहे. "दगडाचा गोळा बाहेरून बघून आत चुंबकपण आहे की नाही ते सांगता येत नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या गोळ्यांचं तर अजून कुणालाच नीट माहीत नाही. मला तेच शिकायचंय."

मी गॅस बारीक केला. तेलाचा थेंब कुठं गेला तेही सांगू शकणारी हिशेबी बाई मी, आणि माझ्या पायांखाली हे एवढं चाललंय, आदमच्याही आधीपासून, सूर्याकडून येणाऱ्या कणांचा मारा अडवत. मी ते कधी मागितलं नव्हतं. तोंडून सुब्हानल्लाह निघालं. घरात फिरताना पाय हलके टाकावेसे वाटले.

पण त्या शिक्षणासाठी तिला दूरच्या शहरात, हॉस्टेलात राहावं लागणार होतं. भाईजान, तुमचा थोरला, येऊन बसले. "हिला काय मंगळावर गोदाम बांधायचंय? बीएड कर म्हणावं, इथल्या इथं." तिचे अब्बा भाईजानकडे बघत राहिले, आणि ती माझ्याकडे. तिच्या तोंडावर तेच होतं जे मी अंजूरच्या शेतात तुमच्या तोंडावर पाहिलं होतं. तुम्हालाही जाणून घ्यायचं होतं, अब्बा. फक्त तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं, आणि मला तुम्ही पुढं जाऊ दिलं नाहीत. मी म्हणाले, "भाईजान, ती जाईल." भाईजान चहा तसाच ठेवून उठले. अजून फोन करत नाहीत.

परवा तिला सोडून आले. निघताना तिनं माझा हात धरला. "अम्मी, खरं सांग, तुला समजलं होतं का सगळं, की नुसतं मला पाठवायचं म्हणून हो म्हणालीस?" मी म्हटलं, "सगळं समजलं, जा तू."

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते. अर्धंच समजलंय. लोखंड वितळतं, फिरतं, इथवर ठीक. त्यात वीज कुठून येते, तिथं मी नुसती मान हलवली होती. सुट्टीत आली की विचारेन तिला.