खिडकीकडच्या टेबलाची विल्हेवाट

मी, मबरूका बिंत सालिम, नवऱ्यामागे बंदरावरची मासळीची खानावळ चालवणारी, राहणार मर्सा अल-हूत, हे माझे शेवटचे म्हणणे लिहवून ठेवते. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे; डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. मला कोणी धमकावलेले नाही. मुलगी रागावली आहे, पण राग म्हणजे धमकी नव्हे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा तोंडी काही बोलले होते, ते भांडणात बोलले होते, ते धरू नये.

१. माझ्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्याचाच अधिकार मला आहे. बाकीची वाटणी आपल्या धर्माने आधीच करून ठेवली आहे: मुलगा नौफेल याला दोन वाटे, मुलगी सिहाम हिला एक. त्यात मी लुडबूड करत नाही. रव्याच्या कण्यांचा कुसकुस वाफवायचे तांब्याचे भांडे मात्र सिहामला मिळावे, असे नौफेलने आपणहून म्हणावे. तिच्या हातचा कुसकुस चिकट होतो, तो भाग वेगळा.

२. खिडकीकडचे मोठे टेबल मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या शाज़लीने न्यावे आणि त्यावर मासे चिरावेत. ते पुन्हा कोणाच्या जेवणासाठी मांडू नये. कारण सांगून ठेवते, नाहीतर म्हातारीला चळ लागला म्हणाल.

आपला राष्ट्रीय फुटबॉल संघ का हरतो, यावर माझ्या खानावळीत रोज वाद होतो. कोणी गवताला दोष देतो, कोणी पंचांना, कोणी म्हणतो नजर लागली. प्रशिक्षक पोर्तुगीज झाला, सर्ब झाला, दोनदा आपल्यातलाही झाला. एका चिमुकल्या बेटाच्या संघाने हरवले तेव्हा सगळे खेळाडू घरी बसवून नवे आणले. हरणे काही थांबले नाही. मी जाणकार नव्हे, ऑफसाइड मला अजून कळलेला नाही. पण नवा प्रशिक्षक पहिल्या सरावाआधी माझ्याकडेच जेवायला येतो. फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष हाजी लमीन त्याला घेऊन येतात आणि खिडकीकडे बसवतात. मासा संपेपर्यंत हाजी खेळाचा विषय काढत नाहीत. पुदिन्याचा चहा आला, की गुडघ्यावर हात ठेवून म्हणतात, "साहेब, आता आपण मीठ-भाकरीचे सोबती. सिमेंटवाल्यांचा एक पोरगा आहे. गुणी आहे हो! बघा जमलं तर."

ज्याचे मीठ खाल्ले त्याला त्याच बैठकीत नाही म्हणायचे नाही, अशी आमच्याकडची रीत. परदेशी माणसालाही ती लवकर कळते. सर्बाला मासा चालत नव्हता, त्याला कोंबडी केली. मीठ काय, कोंबडीतही असते. जाताना त्याने दुभाष्याकरवी मला विचारले, "अकरांत एकाने असं काय बिघडतं, मावशी?" मी ताटे उचलून आत गेले. उपाध्यक्षांचाही एकच असतो, खजिनदारांचाही एकच, मंत्र्यांच्या मेव्हण्याचाही एकच. सगळ्यांचे एकेकच, म्हणून कोणालाच काही वाटत नाही.

३. या खेपेला माझा नौफेलच प्रशिक्षक झाला. हाजींचा निरोप आला: "मबरूकाताई, आता तर घरचंच कार्य! शुक्रवारी खिडकीकडे मांडा." शुक्रवारी खानावळ बंद राहील, मी असो वा नसो. हाजी त्याला काढून टाकतील. टाकोत बापडे. त्यांचे मीठ न खाता काढलेला पहिला प्रशिक्षक माझा मुलगा असेल.

४. सिहामचा मुलगा वज्दी डाव्या बाजूने खेळतो. संघात त्याला जागा मिळावी, यासाठी सिहाम जिवाचे रान करते आहे. गेल्या आठवड्यात माझ्या उशाशी बसून म्हणाली, "आई, दादाला जेवायला बोलाव. तुझ्या हातचं खाल्लं की तो तुला नाही म्हणायचा नाही. एक शब्द टाक गं! लोकांची पोरं चढतात, माझ्याच पोराने काय घोडं मारलंय?" मी हो म्हटले.

मंगळवारी नौफेल आला. मी उठून माशाचा कुसकुस केला होता. तो हात धुऊन बसला, पण ताटाला हात लावेना.

"आई, जेवण झाल्यावर काही मागणार आहेस का?"

"का रे?"

"मागायचं असेल तर आत्ता माग. मग मी न जेवता जातो."

पोटच्या पोराने आईच्या ताटाला भ्यावे! हाजींचा मला राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. मी म्हटले, "काही नाही. खा, मासा निवतोय." तो जेवला. दुसऱ्यांदा वाढताना त्याने पुन्हा एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिले.

सिहाम दाराआड होती. तो गेल्यावर म्हणाली, "परक्यांना जन्मभर वाढलंस, आणि स्वतःच्या नातवासाठी तुझी जीभ उचलली नाही!" खरे आहे, नाही उचलली. वज्दी चांगला खेळतो. किती चांगला, हे मला विचारू नये, मी आजी आहे.

म्हणून ही खानावळ, भट्टी, होडीचा वाटा आणि बर्फाची पेटी यांसह, मी वज्दीला देते. नातू वारसांत येत नाही, पण तिसऱ्या हिश्श्यातून त्याला देता येते आणि खानावळ त्या हिश्श्यात बसते, हे काझींना विचारून घेतले आहे. संघातली जागा माझी नव्हती. खानावळ माझी आहे. मामाने निवडले नाही, तर वज्दीने मामाशी अबोला धरू नये.

५. मी गेल्यावर तिसऱ्या दिवसाचे जेवण, रीत असली तरी, शेजाऱ्यांकडून येऊ देऊ नये. ते माझ्याच चुलीवर शिजावे, माझ्याच पैशाचे असावे. येईल त्याला वाढावे, हाजींनाही. नौफेलने त्या दिवशी पोटभर जेवावे. मान वर करून बघू नये. मागणारी उठून गेलेली असेल.

मला वाचून दाखवले. शब्द माझेच आहेत, एकही बदललेला नाही.

सही: मबरूका बिंत सालिम

साक्षीदार: शाज़ली बेन रजब, मासळी लिलाव; तैयब मन्सूरी, बंदर मशिदीत बांग देणारे मुअज़्ज़िन. सिहामने सही करायला नकार दिला. वारस म्हणून ती चाललीही नसती, पण विचारले होते.

मर्सा अल-हूत, बुधवार, ८ मे २०२४